लॅटिन-मराठी कोश: 'कोन्वेनिरे' गटाच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

आजपासून कोन्वेनिरे हे क्रियापद आणि त्याचं सगळं गोतावळं, म्हणजे कोन्वेन्तिओ, कोन्वेन्तुस, कोन्तिओ, माझ्याकडे आलंय. आधीच्या ड्राफ्टमध्ये कोन्वेन्तिओसमोर "१. सभा २. करार" एवढंच आहे. त्यात चुकीचं काही नाही, पण लॉचा विद्यार्थी हे वाचणार आणि त्याला वाटणार की हे दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगाने सारखे दिसतात. तसं अजिबात नाहीये. लॅटिन बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यात ही एकच गोष्ट होती आणि ते आपल्या नोंदीत दिसायलाच हवं, नाहीतर इंग्रजी कोश आहेतच की, मराठीत करायची काय गरज.

फोड सोपी आहे. कोन म्हणजे सोबत, एकत्र. वेनिरे म्हणजे येणं. एकत्र येणं. पुढे या क्रियापदाने काय काय कामं केली ते बघा: माणसं जमणं, कुणाला जाऊन गाठणं, कुणावर कोर्टात दावा लावणं, एकाला दुसऱ्याचं पटणं, एखादी गोष्ट दुसरीला शोभणं, सोयीची असणं. आणि नुसतं "कोन्वेनित" म्हटलं, कर्ता वगैरे काही नाही, की अर्थ होतो "ठरलं", "पटलं".

वेनिरे आणि आपलं संस्कृत गम् हे एकाच मुळातून आलेत, हे भाषाशास्त्रात पक्कं मानलं जातं. इंग्रजीतला कम सुद्धा त्यातलाच. म्हणजे कोन्वेनिरेचा सांगाडा आपल्या संगम, संगती, समागम या शब्दांसारखाच आहे (पुढचा उपसर्ग मात्र वेगळा, कोन आणि सम् यांचं नातं अर्थाचं आहे, रक्ताचं नाही). ऋग्वेदाचं शेवटचं सूक्त, १०.१९१, त्यात "सं गच्छध्वं सं वदध्वं सं वो मनांसि जानताम्" आहे ना, एकत्र या, एकत्र बोला, मनं एक होऊ द्या, तिथे पण पाय आधी एकत्र येतात आणि मनं नंतर. आणि त्याच सूक्तात पुढे समिती हा शब्द येतो, सम् अधिक इ, एकत्र जाणं. रोमन मतदान जिथे व्हायचं त्या सभेला कोमितिया म्हणायचे, तो पण असाच, एकत्र आणि जाणं. हे मी नोंदीच्या शेवटी व्युत्पत्तीत टाकणार, दोन ओळीत.

६ जानेवारी

मराठी प्रतिशब्दावर दिवसभर डोकं लावलं. संपादक ताईंचं म्हणणं "संमेलन" आणि "सहमती" अशी जोडी घ्यावी, दोन्हीत सम् आहे. ऐकायला छान आहे पण मला ते कागदी वाटतं, कारण घरात कुणी "आमची सहमती झाली" म्हणत नाही. आपल्याकडे जमणे आहे! लोक जमले. पैसे जमले. दोघांचं चांगलं जमतं. लग्न जमलं. मला उद्या जमणार नाही. भाजी आज मस्त जमलीय. मूळ अरबी जमा, त्यातूनच जमाव, जमात, जमावबंदी, आणि आपण ते इतकं आपलंसं केलंय की गर्दीपासून सोयरिकीपर्यंत सगळं एकाच क्रियापदात बसतं. लॅटिनमधले जवळपास सगळे अर्थ यात येतात, सोयीचा सुद्धा, कारण इंग्रजी कन्व्हीनियंट हा याच कोन्वेनिरेचा, आणि "जमेल का?" मध्ये आपण नेमकं तेच विचारतो.

एकच अर्थ बसत नाही, तो दाव्याचा. तिथे "गाठणे" देणार, कोर्टात गाठणे.

ताईंना फोन केला, त्या म्हणाल्या "अहो पण कोशात जमणे म्हणजे फार बोलीतलं नाही का वाटणार", मी म्हटलं ताई लॅटिनमध्ये पण ते बोलीतलंच होतं, बाजारातला माणूस वापरायचा. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.

९ जानेवारी

उल्पियन. या सगळ्या कामात मला ज्याची सगळ्यात जास्त उत्सुकता होती तो उतारा आज मराठीत केला.

आधी कोण ते लिहून ठेवतो, विद्यार्थ्यांसाठी. उल्पियन हा टायरचा, म्हणजे आजच्या लेबनॉनमधल्या समुद्रकाठच्या शहराचा, रोममध्ये मोठ्या पदाला पोचलेला कायदेपंडित, २२३ च्या सुमारास सम्राटाच्या अंगरक्षक सैनिकांनीच त्याला मारला. त्यानंतर तीनशे वर्षांनी कॉन्स्टँटिनोपलमध्ये जस्टिनियनने त्रिबोनियनच्या हाताखाली मंडळ नेमलं आणि जुन्या पंडितांच्या ग्रंथांतले निवडक उतारे काढून ५० भागांचं डायजेस्ट ५३३ मध्ये बाहेर काढलं. त्यात सगळ्यात मोठा वाटा उल्पियनचाच आहे. आपला उतारा दुसऱ्या भागातल्या १४ व्या प्रकरणात, करारांच्या, अगदी सुरुवातीला.

माझा मराठी मसुदा: "कोन्वेन्तिओ हा शब्द सर्वसाधारण आहे, व्यवहार करण्यासाठी किंवा मिटवण्यासाठी आपसात बोलणारे लोक ज्या ज्या गोष्टीला संमती देतात त्या सगळ्याला तो लागू होतो. कारण जसं वेगवेगळ्या जागांहून निघून एका जागी येणारे लोक जमतात असं आपण म्हणतो, तसंच मनाच्या वेगवेगळ्या ओढींमधून निघून एका गोष्टीला संमती देणारे, म्हणजे एका मतावर येऊन पोचणारे लोकही जमतात."

शेवटच्या क्रियापदावर अडलो होतो. तिथे येणं नाहीये, देकुर्रुन्त आहे, म्हणजे उतारावरून धावत खाली येणं. माणसं वेगवेगळ्या बाजूंनी उतरत एका ठिकाणी पोचतात असं चित्र आहे त्या शब्दात. "येऊन पोचणारे" मध्ये तो उतार हरवतो, "उतरणारे" केलं तर मराठीत मतावरून खाली उतरल्यासारखं वाटतं. तूर्त "पोचणारे" ठेवतो आणि टिपेत देकुर्रुन्तबद्दल लिहितो.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे की उल्पियन करार समजावताना कायद्यातला एकही जड शब्द वापरत नाही, रस्त्यावरून चालत येणारी माणसं दाखवतो. आणि दुसरं, तो धरूनच चाललाय की माणसं निघताना वेगवेगळ्या जागी असतात. ज्यांचं आधीपासूनच एक मत आहे त्यांना जमायची गरजच काय!

त्याच उताऱ्यात तो पेदियस नावाच्या आणखी जुन्या पंडिताला दाद देतो, की त्याने सुंदर म्हटलंय, ज्याच्या पोटात कोन्वेन्तिओ नाही असा कुठलाही करार नाही, कुठलंही बंधन नाही. पण इथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो म्हणून स्पष्ट लिहायचं: जमणं प्रत्येक करारात असतंच, पण नुसतं जमलं की रोममध्ये दावा लावता येत नव्हता. स्तिपुलातिओ म्हणजे ठराविक शब्दांत तोंडी प्रश्न आणि तोंडी उत्तर, किंवा वस्तू हातात देणं, किंवा विक्री, भाडं, भागीदारी, मुखत्यारी या चारपैकी एक, असं काहीतरी लागायचं. नुसत्या पाक्तुमचा, म्हणजे साध्या आपसातल्या ठरावाचा, उपयोग ढालीसारखा, समोरच्याने दावा लावला तर "आपलं तर असं ठरलं होतं" म्हणून बचाव करता यायचा.

आपल्या १८७२ च्या करार कायद्यातलं कलम १३ पण शेजारी ठेवणार आहे, दोन किंवा जास्त माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने कबूल झाली की ती संमती. दोन्ही उतारे एकापाठोपाठ वाचले की मुलांना लगेच कळेल आपण हे रोमन प्रकरण का शिकतो.

१३ जानेवारी

आज कोन्तिओ घ्यायचा होता आणि त्यात ब्राँझचा पत्रा निघाला, सगळा दिवस तिथेच गेला पण वसूल.

कोन्तिओ म्हणजे अधिकाऱ्याने दवंडी देऊन बोलावलेली जाहीर सभा. हा शब्द कोन्वेन्तिओचाच झिजलेला अवतार आहे, कोन्वेन्तिओ, मग कोवेन्तिओ, मग कोन्तिओ. यातला मधला टप्पा नुसता कल्पनेतला नाही, तो खरोखर कोरलेला सापडलाय. १६४० मध्ये इटलीच्या दक्षिणेला, कालाब्रियात, तिरिओलो गावी ब्राँझचा एक पत्रा मिळाला, आज तो व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी १८६ सालचा सिनेटचा हुकूम, बाख्खुस देवाच्या भक्तमंडळांवर बंदी घालणारा. त्यात शेवटाकडे अधिकाऱ्यांना सांगितलंय की हे "इन कोवेन्तिओनिद" वाचून दाखवा, किमान तीन बाजारदिवस. वे च्या आधीचा न गायब आहे, आणि शेवटी तो द बघा, जुन्या लॅटिनचा पंचमीचा द, नंतरच्या काळात तो पुसला गेला. रोमन बाजार दर आठव्या दिवशी भरायचा, गावोगावची माणसं तेव्हा शहरात यायची, म्हणून तीन बाजार सांगितलेत, म्हणजे कुणी म्हणायला नको की आम्हाला माहीत नव्हतं. आणि पत्रा अशा ठिकाणी लावा की सहज वाचता येईल, हे पण त्यातच लिहिलंय.

पण खरी गोष्ट पुढे आहे. हा हुकूम बंदी कशावर घालतो? एकमेकांत शपथा घेऊ नका, एकत्र नवस बोलू नका, एकत्र हमी देऊ नका, एकत्र वचन देऊ नका, एकमेकांना भरवसा देऊ नका. लॅटिनमध्ये यातली चार क्रियापदं ओळीने एकत्र या अर्थाच्या उपसर्गाने सुरू होतात, कोन्, कोम्, कोन्, कोन्, अक्षरशः घणाचे घाव घातल्यासारखी. म्हणजे एकाच पत्र्यावर सरकारने बोलावलेली कोवेन्तिओ आहे, जिथे लोकांनी येऊन ऐकायचं, आणि लोकांनी आपसात केलेलं जमणं आहे, ज्याला देहदंड. शब्दाचे दोन्ही अर्थ समोरासमोर उभे आहेत, सभा सरकारची आणि करार गुन्हा.

पूजा पूर्ण बंद नाही केली. कुणाला अगदीच गरज वाटली तर रोमला येऊन प्रेटरकडे, म्हणजे न्यायाधिकाऱ्याकडे, परवानगी मागायची, सिनेटमध्ये किमान शंभर जण हजर असताना ती मंजूर व्हायची, आणि तरीही पाचापेक्षा जास्त माणसं नकोत, पुरुष दोनच, बायका तीनच. आपल्याकडे १८६० च्या दंड संहितेत बेकायदा जमावासाठी पाच किंवा जास्त माणसं हा आकडा घेतला, कलम १४१. दोन्ही पाचांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण सरकारला माणसं मोजावीशी कधी वाटतात हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

रोमन इतिहासकार लिव्हीने ही हकीकत जवळजवळ दोनशे वर्षांनी ३९ व्या भागात लिहिली, सात हजारांवर लोक गुंतले होते म्हणतो. त्यात कौन्सुल, म्हणजे त्या वर्षीच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, पोस्तुमियस लोकांपुढे बोलतो, आणि बोलतो कुठे तर कोन्तिओतच. म्हणतो की तुमच्या वाडवडिलांना तुम्ही सुद्धा उगाच कुठेही जमलेलं चालत नव्हतं, गडावर निशाण लावून मतदानाला बोलावलं तर, ट्रिब्यूनने, म्हणजे सामान्य लोकांच्या प्रतिनिधीने, बोलावलं तर, किंवा अधिकाऱ्याने कोन्तिओला बोलावलं तरच, आणि जिथे गर्दी तिथे तिचा कायदेशीर म्होरक्या असलाच पाहिजे. भाषण लिव्हीने आपल्या शब्दांत रचलेलं असणार, जुने इतिहासकार तसंच करायचे, पण रोमन सत्तेचा जमण्याकडे बघायचा डोळा यात नेमका उतरलाय.

नोंदीत हे सगळं मावणार नाही. पत्र्यावरची ती एक ओळ मात्र जाणारच, मी हटणार नाही.

१४ जानेवारी

कालचंच पुढे, थोडक्यात. कोन्तिओत मतदान होत नाही. उभं राहून ऐकायचं, ओरडायचं, टाळ्या वाजवायच्या, पण मत द्यायला कोमितियात आपापल्या गटात वेगळं व्हावं लागायचं. म्हणजे एकत्र आले की ऐकायचं आणि ठरवायचं तेव्हा पांगून ठरवायचं. कोन्तिओचा आणखी एक अर्थ म्हणजे सभेत केलेलं भाषण. मराठीत "सभा गाजवली" म्हणतो तेव्हा गाजतं ते भाषणच, तसं.

तिळगूळ द्यायला लोक येत होते त्यामुळे आज एवढंच.

१६ जानेवारी

आजची तारीख बघून वडगाव घेतलं. इंग्रजी कागदांत कन्व्हेन्शन ऑफ वडगाव म्हणतात, १६ जानेवारी १७७९. आपण शाळेत वडगावचा तह शिकतो आणि तीन वर्षांनी झालेल्या सालबाईला पण तहच म्हणतो, पण इंग्रजीत सालबाईला ट्रीटी आणि वडगावला कन्व्हेन्शन, आणि हा फरक नुसता नावाचा नव्हता.

मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना गादीवर बसवायला घाटावर आली, तळेगावपर्यंत पोचली, समोर महादजी शिंदे, नाना फडणवीस, तुकोजी होळकर, गावं ओस पाडलेली, दाणागोटा मिळेना. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून फौज मागे फिरली आणि वडगावला कोंडीत सापडली. तिथे मुंबईच्या समितीने कबूल केलं की १७७३ पासून घेतलेला मुलूख, साष्टी धरून, परत देऊ. दोन ओलीस ठेवले आणि सुटले. आणि मग कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जने सांगितलं की हे आम्हाला मान्य नाही, सही करणाऱ्यांना तो अधिकारच नव्हता. कन्व्हेन्शन म्हणजे मैदानावरच्या माणसांनी तिथल्या तिथे जमवलेलं, वरच्या सरकारने मंजूर केलं तर टिकणार. युद्ध पुढे चालू राहिलं ते १७ मे १७८२ च्या सालबाईपर्यंत.

रोममध्ये हेच भांडण झालेलं आहे. इसवी सनापूर्वी ३२१, कॉडियमच्या खिंडीत सामनाइट लोकांनी रोमन फौज कोंडली, कौन्सुलांनी शब्द देऊन सुटका करून घेतली, आणि लिव्ही ठासून सांगतो की तो फोएदुस म्हणजे तह नव्हताच, नुसती स्पोन्सिओ होती, हमी, लोकांच्या मंजुरीशिवाय रोमला ती बांधत नाही. (रोमने खरंच शब्द मोडला की लिव्हीने लाज झाकायला ही गोष्ट सांगितली यावर इतिहासकारांत वाद आहे.) तिथल्या एका कौन्सुलाचं नाव स्पुरियस पोस्तुमियस अल्बिनस. बाख्खुसवाल्या हुकुमातला कौन्सुल पण स्पुरियस पोस्तुमियस अल्बिनसच, त्याच घराण्यातला.

मला वाटतं वडगाववाल्या मराठी मुत्सद्द्यांची यात काही कमी नव्हती. मुंबई आणि कलकत्ता एकमेकांचं ऐकत नाहीत हे त्यांना पुरंदरच्या १७७६ च्या तहापासून चांगलं कळलेलं होतं, तो कलकत्त्याने केला आणि मुंबईने मोडला. कोन्वेनिरेला जमायला सगळे लागतात, आणि इंग्रजांकडचा निम्मा पक्ष शेकडो कोस लांब हुगळीच्या काठी बसलेला होता.

२० जानेवारी

कोन्वेन्तुस. हा पटकन झाला कारण अर्थ एका रांगेत लागतात.

जमाव, मग प्रांताच्या गव्हर्नरने ठरलेल्या शहरात जाऊन भरवलेलं न्यायालय, मग त्या न्यायालयाच्या हद्दीतला जिल्हा. सीझर इसवी सनापूर्वी ५८ सालची लढाई संपवून, फौज हिवाळ्यासाठी बसवून, स्वतः अलीकडच्या गॉलमध्ये, म्हणजे आजच्या उत्तर इटलीत, जातो ते "कोन्वेन्तुस भरवायला", म्हणजे खटले ऐकायला. फिरतं कोर्ट. स्पेन आणि पोर्तुगालच्या भागात असे १४ कोन्वेन्तुस होते, रोमन लेखक प्लिनी नावं देतो, आजचं कोर्दोबा, सेव्हिल, सारागोसा, ब्रागा, सांतारें, बेझा ही सगळी तेव्हा कोन्वेन्तुसची ठाणी. परमुलखात राहणाऱ्या रोमन नागरिकांच्या मंडळालाही कोन्वेन्तुसच म्हणायचे, व्यापारी आणि सावकार बहुतेक, आजची परदेशातली महाराष्ट्र मंडळं डोळ्यापुढे आणली तर कल्पना येईल.

ख्रिस्ती काळात साधूंचा किंवा जोगिणींचा एकत्र राहणारा समुदाय, आणि मग त्यांची इमारत. जुन्या फ्रेंचमध्ये न गळून कोव्हेंट झालं, लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये ते अजून आहे, वेस्टमिन्स्टरच्या मठाची बाग होती ती. त्या ब्राँझच्या पत्र्यावर पण हाच न गळला होता!

पोर्तुगीज कोन्व्हेंतु मात्र पुरुष साधूंनाही चालतं. जुन्या गोव्यातलं सांता मोनिका हे जोगिणींचं, १६०६ मध्ये बांधायला घेतलं आणि १६२७ मध्ये पूर्ण झालं, आता तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. आणि मराठीत कॉन्व्हेंट म्हणजे शाळा. जोगिणींनी मुलींच्या शाळा काढल्या, त्या चांगल्या चालल्या, आणि शब्द मठातून निघून शाळेला चिकटला, आता "पोरगी कॉन्व्हेंटला आहे" म्हणजे इंग्लिश मीडियमला आहे. हा अर्थ कोशात द्यायचा म्हणून मी आग्रह धरला आणि तो घेतलाय.

२४ जानेवारी

शेवटचं उपशीर्षक, लग्न.

कोन्वेन्तिओ इन मानुम. इथे करार हा अर्थ लावला की फसलं. हे शब्दशः "हातात येणं" आहे, बायको नवऱ्याच्या मानुसमध्ये, म्हणजे त्याच्या घरच्या सत्तेखाली येते. गायस हा रोमन कायदेपंडित तीन वाटा सांगतो: देवापुढे स्पेल्ट गव्हाच्या भाकरीचा विधी, तराजू आणि साक्षीदार ठेवून लुटुपुटीची विक्री, किंवा वर्षभर सलग सोबत राहणं. तिसऱ्या वाटेत सुटायची सोय होती, दर वर्षी तीन रात्री बाईने घराबाहेर काढल्या की वर्ष मोडायचं आणि सत्ता लागू होत नसे. हे बारा पाट्यांच्या, म्हणजे रोमच्या सगळ्यात जुन्या लिखित, कायद्यातलं म्हणून गायस सांगतो. आपल्याला गायसचा हा मजकूर मिळतो तो नीबूर या जर्मन अभ्यासकामुळे, १८१६ मध्ये व्हेरोनाच्या ग्रंथालयात एका चामडी पोथीवर वरचा मजकूर सेंट जेरोमच्या पत्रांचा आणि खाली खरवडून टाकलेला गायस, हे त्याला दिसलं. त्या तीन रात्रींबद्दल मी वर्गात नेहमी थांबतो, कारण एका बाजूला अख्खी घराणेशाही आणि दुसऱ्या बाजूला एका बाईला माहेरी काढायच्या तीन रात्री, आणि कायदा त्या मोजतो.

दुसरं टोक गोव्यात. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि १९६१ नंतरही कौटुंबिक बाबतीत चालू राहिली. त्यात नवराबायकोची मालमत्ता आपोआप सामाईक होते. तसं नको असेल तर लग्नाआधी दोघांनी नोटरीपुढे दस्त करायचा, पोर्तुगीज कायद्याच्या भाषेत कोन्व्हेन्साँव आन्तेनुप्सियाल, लग्नाआधीचं कोन्वेन्तिओ. आणि त्या संहितेप्रमाणे लग्न लागल्यावर तो दस्त बदलता येत नाही. म्हणजे जे काही जमवायचं ते बोहल्यावर चढायच्या आत.

इथे कोन्वेन्तिओचे दोन्ही अर्थ लग्नाभोवतीच आहेत, रोममध्ये बाईने कुणाच्या हाताखाली येणं आणि गोव्यात दोघांनी बरोबरीने बसून सही करणं. नोंदीत हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत.

२७ जानेवारी

ताईंचा निरोप आला, जमणे मंजूर. पहिला अर्थ जमणे, त्याखाली (अ) माणसं (आ) मतं (इ) सोय, मग गाठणे वेगळं. संमेलन आणि सहमती पर्यायी शब्द म्हणून शेवटी. उल्पियनची टीप देकुर्रुन्तसकट ठेवलीय, वडगाव अर्धा परिच्छेद झालाय, कोवेन्तिओनिदला स्वतंत्र ओळ मिळाली. गट तपासणीला पाठवला. पुढचा कोन्सेन्तिरे, एकत्र वाटणं, तो पण मीच मागून घेतलाय.